पिस्तुलावरचीं अक्षरें

पालीच्या बल्लाळेश्वराच्या दर्शनास जाणारा मनुष्य देवळांतील घंटा एकदां तरी वाजविल्यावांचून परतत नाहीं. ही घंटा आपल्याकडील तांबटाच्या हातची नव्हे. तिचें ओतकाम युरोपांतलें असून, चिमाजी आप्पांनीं वसई व साष्टी फिरंग्यांपासून जिंकून घेतल्यावर ती येथें आणविली, असें पालीकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. अशा घंटा महाराष्ट्रांत आणखीहि आहेत. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर जी आहे, तिच्यावर १७०७ हा सन आणि बालयेशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. नाशकास नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ चा आंकडा आहे. देऊळ बदललें, देव बदलला, नाद ऐकणारे बदलले. पण घंटेवरचीं अक्षरें कोणीं खरवडून काढलीं नाहींत. आपल्या पूर्वजांचा हा समजूतदारपणा मला नेहमीं मोठा वाटत आला आहे.

परंतु आज मला बोलावयाचें आहे तें एका पिस्तुलाविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वीं पालींतल्याच एका जुन्या घरून मला बोलावणें आलें. घरचे वडील गृहस्थ ऐंशीच्या घरांतले. त्यांनीं देवघराच्या वरच्या फळीवरून तांबड्या फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढून माझ्यापुढें ठेविली. फडकें सोडलें तों आंत पिस्तूल. नळी आठपैलू, दस्ता काळसर लांकडाचा, चापाच्या पाटीवर आणि नळीच्या मुळाशीं बारीक वेलपत्ती कोरलेली; आणि नळीच्या वरच्या अंगास रुप्याच्या तारेनें बसविलेलें एकच अक्षर, ‘श्री’.

"आमच्या मूळ पुरुषानें वसईच्या तटावर एका फिरंगी कप्तानाच्या कमरेचें हें ओढून घेतलें," ते म्हणाले. "घंटा देवाला गेली, हें आमच्याकडे राहिलें."

त्यांचे चिरंजीव शेजारीं बसले होते. त्यांना दुसरीच घाई होती. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे कोणी गृहस्थ मुंबईहून येऊन पिस्तूल पाहून गेले होते, आणि त्यांनीं सांगितलें होतें कीं, ‘श्री’च्या खालीं चिमाजी आप्पांचें नांव आणि शके १६६१ एवढें सोन्यांत उठविलें, तर मोल दसपट होईल. चिरंजीव मला म्हणाले, "तुम्ही जुनीं कागदपत्रें वाचणारे. त्या काळचें अक्षराचें वळण कसें असे, तेवढें काढून द्या."

मीं काय उत्तर दिलें तें मागाहून सांगतों. आधीं पिस्तूल ही वस्तु आपल्या देशीं आली कशी, आणि तिच्यावर अक्षरें कोण कोरतो, हें पाहूं.

एका हातानें उडवितां येणारी बंदूक म्हणजे पिस्तूल, ही व्याख्या सोपी आहे. पण अशी बंदूक घडविणें सोपें नव्हतें. आपल्या सैन्यांत जी बंदूक सर्रास चाले ती तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुती दोरी म्हणजे तोडा. तो सारखा धुमसत ठेवावा लागतो. कळ ओढली कीं तोड्याचें जळतें टोंक नळीच्या कानापाशीं ठेविलेल्या रंजकीवर टेकतें, रंजक पेटते आणि तिची ज्वाला कानांतून आंत जाऊन बार उडतो. आतां असा धुमसता तोडा लावलेलें हत्यार कमरेच्या शेल्यांत खोंवून घोड्यावर बसलेला स्वार डोळ्यांपुढें आणा. शत्रूला गोळी लागण्यापूर्वीं याचा शेला पेटायचा! म्हणून स्वतःची आग स्वतःच पाडणारा चाप निघाल्यावरच पिस्तुलाला खरा अर्थ आला. युरोपांत सोळाव्या शतकाच्या आरंभास दांतेरी चाक गारेसारख्या दगडावर फिरवून ठिणगी पाडण्याची युक्ति निघाली. पुढील शतकांत तिची जागा चकमकीच्या चापानें घेतली. घोड्याच्या ओठांत गारेचा तुकडा, समोर पोलादी पाटी. घोडा सुटला कीं ठिणगी.

या चापाचा सारा जीव त्याच्या कमानींत असतो. वांकवावी तितक्या वेळां पूर्ववत् होणारी, न मोडणारी व न ढिली पडणारी अशी पोलादाची लहान कमान घडविणें, आणि एकीसारख्या हजार घडविणें, हा एक स्वतंत्र उद्योगच आहे. आपल्या लोहाराची नळी उत्तम असे. पण तोड्याची बंदूक स्वस्त, तिची मोडतोड गांवींच दुरुस्त होई, आणि पागोळीच्या पावसाखेरीज तिला फारसें कांहीं बाधत नसे. तेव्हां कमानीच्या भानगडींत पडण्याची निकड कोणास भासली नाहीं. तोडा आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. याचा परिणाम असा झाला कीं, पिस्तूल मराठी मुलखांत आलें तें नजराणा म्हणून, लूट म्हणून किंवा विकत घेतलेली परदेशी चीज म्हणून. तें लढण्याच्या आधीं दाखविण्याचें झालें. ज्याला आज आपण संग्राहकाची वस्तु म्हणतों, ती त्याची कुंडली येथें जन्मापासूनच होती.

परदेशी व्यापारी दिखाऊ वस्तु हौसेनें देत आणि कामाची वस्तु देतांना हात आंखडीत, हें येथल्याच रायगडानें पाहिलें आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रत्नांचे नजराणे घेऊन गडावर आला. महाराजांना इंग्रजांकडून तोफा आणि दारूगोळा हवा होता. आणि त्या बाबतींत त्या व्यापाऱ्यांची टाळाटाळ कधीं संपली नाहीं.

चापाचें शस्त्र स्वतःच्या राज्यांत करावयाचें, असा हट्ट ज्या एका हिंदी राज्यकर्त्यानें धरला आणि पुरा केला, तो टिपू सुलतान. मराठी फौजांचें आणि त्याचें वैर होतें. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या स्वारींत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूस उभे होते. पण त्याच्या कारखान्यांतून निघालेलीं पिस्तुलें पाहिलीं कीं वैर विसरावें. चकमकीचा चाप युरोपी धर्तीचा. परंतु त्याचा घाट वाघाचा, नळीवर वाघाच्या अंगावरचे पट्टे, आणि अक्षरांत सुलतानाचें नांव, पट्टण हें गांव व त्यानें स्वतः चालू केलेल्या गणनेचें वर्ष. जोडींतील एकाचा चाप उजवीकडे तर दुसऱ्याचा डावीकडे, म्हणजे दोन्ही हातांत धरावीं. ४ मे १७९९ रोजीं पट्टण पडलें, टिपू मारला गेला, आणि हीं शस्त्रें विजेत्यांच्या सामानांतून विलायतेस गेलीं. आज तीं लिलावाला आलीं कीं मोठमोठे संग्राहक त्यांच्यावर तुटून पडतात. ज्या हत्यारांनीं राज्य राखावयाचें, तीं राज्य गेल्यामुळेंच मोलाचीं झालीं.

आतां खोदकामाकडे वळूं, कारण पालीच्या त्या घरांतल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. पोलादावर नक्षी उठविण्याच्या दोन अगदीं भिन्न रीती आहेत. विलायती कारागीर पाटी आधीं तापवून सावकाश निवूं देतो, म्हणजे पोलाद मऊ पडतें. मग अणकुचीदार सळईनें तो वेली, पानें, शिकारीचे कुत्रे, जें काय असेल तें कोरतो. काम संपलें कीं पाटी हाडांच्या कोळशांत पुरून लाल होईपर्यंत तापवितात आणि पाण्यांत बुडवितात. वरचा पापुद्रा कांचेसारखा कठीण होतो, आणि त्याच्यावर निळसर तपकिरी लाटा उमटतात. एकदां हें झालें म्हणजे पुन्हां त्या पाटीवर सळई चालत नाहीं. आपल्याकडील कोफ्तगरीची तऱ्हा उलट. कारागीर पोलादाचें पृष्ठ बारीक आडव्या-उभ्या रेघांनीं खरबरीत करतो, त्यावर सोन्याची तार मांडतो, हलक्या हातोडीनें ठोकतो, मंद आंचेवर धरतो आणि अकीकाच्या ओपणीनें घासून एकजीव करतो. विलायती खोदकामांत धातु काढून घेतात. कोफ्तगरींत ती वर चढवितात. म्हणूनच कोफ्तगरी शस्त्र झाल्यावर दहा वर्षांनीं करतां येते, आणि दोनशें वर्षांनींहि करतां येते. तिचें सौंदर्य जितकें मोठें, तितकाच तिच्यांत फसवणुकीला वाव मोठा.

मराठ्यांच्या शस्त्रांवर जीं नांवें आढळतात तीं बहुधा धन्याचीं. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तरवार २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या लिलावांत निघाली, आणि महाराष्ट्र शासनानें सुमारें ४७ लक्ष रुपयांस ती घेऊन ऑगस्टांत मुंबईस आणिली. तिचें पातें युरोपी घडणीचें, म्हणूनच तिला ‘फिरंग’ म्हणावयाचें. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या नागरी अक्षरांत सेनासाहेबसुभा रघूजी भोसल्यांचें नांव. पोलाद तिकडचें, अक्षरें इकडचीं. या खरेदीचा आनंद मलाहि झाला. पण तें पातें कोणीं घडविलें आणि तें सोनें कोणा कारागिरानें बसविलें, हें तरवार सांगत नाहीं. आपल्याकडे धनी कोरला जातो, हात कोरला जात नाहीं. विलायतेंत याच्या उलट: तेथें साध्या शिपायाच्या बंदुकीवरहि कारखान्याचा छाप आणि तपासणीचा शिक्का असावयाचाच.

त्या शिक्क्याचा उपयोग किती होतो, याचें एक उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर उभें आहे. अलिबागच्या समुद्रांतील कुलाबा किल्ल्यांत गाड्यावर चढविलेल्या दोन तोफा आहेत. ओहोटीला चालत जाणाऱ्या पाहुण्यास कोणी ना कोणी सांगतोच कीं, या कान्होजी आंग्र्यांच्या तोफा. पण तोफेवरचें नांव वाचावें, तर यॉर्कशायरांतील लो मूर कारखान्याचें! तो कारखाना निघाला १७९१ सालीं, आणि कान्होजी वारले १७२९ सालीं. बासष्ट वर्षें आधीं गेलेल्या सरखेलांनीं या तोफा डागल्या असें म्हणणें म्हणजे त्यांच्या कर्तृत्वांत भर घालणें नव्हे. त्यांना त्याची गरजहि नाहीं. खाऱ्या वाऱ्यांत तोफेचें लोखंड पापुद्र्यांनीं सुटत चाललें आहे. अक्षरें पुसून गेलीं म्हणजे मग मात्र ती कथा कोणास खोडून काढतां येणार नाहीं.

पिस्तुलावर नक्षी करून तें मुद्दाम मोजकेंच काढावयाचें, हा प्रकार अमेरिकेनें पुरता धंदेवाईक केला. सॅम्युएल कोल्ट हा त्यांतला आद्य गुरु. १८५४ सालीं, क्रिमियाच्या युद्धाच्या ऐन धामधुमींत, त्यानें सोन्याची नक्षी बसविलेलीं रिव्हॉल्व्हरें तुर्कस्तानच्या सुलतानास नजर केलीं, आणि रशियाच्या झारासहि नजर केलीं. दोघे परस्परांचे शत्रु. दोघांनाहि भेट एकाच दुकानाची! अशा व्यापाऱ्यास नक्षीची किंमत कळत नव्हती असें कोण म्हणेल? त्या नजराण्यांनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १९६१ सालीं, इलिनॉय प्रांतांतील जेनेसियो गांवाला सव्वाशें वर्षें झालीं म्हणून कोल्ट कंपनीनें एक लहान पिस्तूल काढलें, तें अवघे १०४ नग. तेव्हांपासून अशा स्मारक-पिस्तुलांचा पाऊसच पडला. संग्राहक तीं पेटींतून बाहेर काढीत नाहींत. कारण एकदां बार काढला कीं मोल उतरतें. टिपूचीं पिस्तुलें दुर्मिळ झालीं तीं काळाच्या तडाख्यानें. हीं दुर्मिळ जन्मास आलीं. मला या दुसऱ्या दुर्मिळतेचें फारसें कौतुक वाटत नाहीं, हें कबूल करतों. तरी तिच्यांत एक सचोटी आहे. किती नग काढले आणि हा कितवा, हें तें पिस्तूल स्वतःच सांगतें.

ज्यांना खरोखर नेम मारावयाचा असतो त्यांचें शस्त्र याहून निराळें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत पंचवीस मीटर पिस्तुलांत सुवर्णपदक मिळविलें. तसल्या पिस्तुलावर वेल नाहीं, पान नाहीं. सारी कलाकुसर दस्त्यांत: तळहाताच्या खळग्यांत तो चपखल बसेतों लांकूड तासतात. ती नक्षी पाहणाऱ्यास दिसत नाहीं, धरणाऱ्यास कळते.

आतां पुन्हां पालीकडे.

मीं पिस्तूल हातांत घेऊन चाप पाहिला. घोड्याला गार धरण्याचे ओंठ नव्हतेच. त्याचें तोंड वाटीसारखें पोकळ होतें, आणि खालीं नळीवर तांब्याची टोपी बसविण्याचा बोंडासारखा उंचवटा. म्हणजे हा टोपीचा चाप. टोपीच्या आंत आघातानें पेट घेणारा मसाला असतो. घोडा वरून आपटला कीं तो भडकतो. या युक्तीचें मूळ अलेक्झांडर फोर्सिथ नांवाच्या एका स्कॉटिश पाद्र्याकडे जातें. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीची ठिणगी दिसतांच पक्षी उडून जात, या वैतागांतून त्यानें आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा चाप शोधून काढला आणि १८०७ सालीं त्याचा हक्क नोंदविला. तांब्याच्या टोप्या त्यानंतरच्या. नळी दस्त्यापासून सोडवून उलटी केली, तेव्हां खालच्या अंगास मुकुट आणि फुलीसारखे एकमेकांवर ठेविलेले दोन राजदंड असा शिक्का निघाला. तो बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचा; तें गृह १८१३ सालीं स्थापन झालें. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यांत.

शिवाय वसईचा तह ज्यांनीं वाचला आहे त्यांना ठाऊक असेल कीं, किल्ल्यांतील शिबंदीला हत्यारांसह, निशाणें फडकावीत व नगारे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा चिमाजी आप्पांनीं दिली होती. वसईच्या तटाखालीं हजारों माणसें गमावल्यावर दिलेला हा शब्द पाळला गेला, ही त्या विजयाची शोभा आहे. म्हणूनच आपल्याकडे वसईच्या घंटा आढळतात. शरण आलेल्या कप्तानांचीं पिस्तुलें आढळण्याचें कारण नाहीं.

हें सारें त्या वृद्ध गृहस्थांना सांगणें मला जड गेलें. चिरंजीवांचें काय, त्यांचा फक्त भाव उतरत होता. वडिलांचा एक पूर्वजच उतरत होता. ते बराच वेळ नळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग हें ‘श्री’ कोणाचें?"

तो प्रश्न माझ्या ध्यानांत आला नव्हता. भिंग घेऊन पाहिलें, तर ‘श्री’ची उभी रेघ नळीच्या मुळाशीं असलेल्या विलायती पानाच्या शिरा कापून गेली होती. म्हणजे अक्षर पानाच्या नंतरचें. खांच एकसारख्या खोलीची नव्हती; ‘श’च्या गांठीशीं हत्यार घसरल्याची खूणहि होती. बंदुका घडविणाऱ्या कारखान्याचें हें काम नव्हे. आसपासच्या कोणा सोनारानें, दागिन्यावर चालवावयाची सळई पोलादावर चालवून, मोठ्या कष्टानें तें कोरलेलें होतें. पाली त्या काळीं भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत होती. संस्थानच्या चाकरींत असलेल्या या घरच्या कोणा पुरुषानें मुंबईस हें पिस्तूल घेतलें असावें, आणि दसऱ्याच्या पूजेंत मांडावयाचें म्हणून त्यावर ‘श्री’ घालून घेतला असावा. हा माझा तर्क. पण तें अक्षर याच घरासाठीं कोरलें गेलें, एवढें मात्र त्या घसरलेल्या सळईनें मला पटविलें.

चिरंजीवांना मीं अक्षराचें वळण काढून दिलें नाहीं. देऊं शकलों असतों. जुन्या कागदांत नमुने भरपूर आहेत, आणि कोफ्तगरीचा कारागीर शोधणेंहि अशक्य नाहीं. त्यांना मीं इतकेंच सांगितलें कीं, लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास आणिलीं गेलीं, तेव्हां केवढा वाद झाला तो आठवा. तीं महाराजांचीं, असा दावा खुद्द वाघनखांवर कोठेंच कोरलेला नाहीं. तो त्यांच्या पेटीवर आहे, आणि पेटी मागाहून केलेली. त्या लेखांत अफझलखानाला मोगल सरदार म्हटलें आहे! खान विजापूरचा, हें आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक. तीं नखें प्रतापगडावरचींच हें खात्रीनें सांगतां येत नाहीं, असें तें संग्रहालय स्वतःच म्हणतें. मागाहून घातलेल्या दोन ओळींनीं एका वस्तूचें सारें आयुष्य असें संशयांत टाकिलें. तुमच्या पिस्तुलावर आज कोणाचा संशय नाहीं. तें आहे तें आहे.

ते कांहीं बोलले नाहींत. परवान्याविषयीं मात्र त्यांनीं विचारलें, आणि तें विचारणें योग्यच होतें. १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें, आणि १९५९ चा कायदाहि त्या बाबतींत सैल नाहीं. दुरुस्त करूनहि उडूं न शकणारें जुनाट शस्त्र तेवढें त्यांतून सुटतें. या पिस्तुलाचें टोपीचें बोंड गंजून बुजलें होतें आणि नळी आंतून खाल्ली गेली होती. तरी आपल्या मनानें न ठरवितां तें अधिकाऱ्यांस दाखवावें आणि त्यांचा लेखी कागद जवळ ठेवावा, असा सल्ला मीं दिला, व त्यांनीं तो मानला.

पुढच्या दसऱ्यास त्यांनीं मला आग्रहानें जेवावयास बोलाविलें. माजघरांत पाटावर पूजा मांडली होती. कोयता, विळा, कुऱ्हाड, चिरंजीवांच्या दुचाकीच्या किल्ल्या, आणि मध्यें झेंडूच्या फुलांत तें पिस्तूल, तोंड भिंतीकडे करून ठेविलेलें. त्याच्याखालीं कागदाची एक चिठ्ठी होती. चिरंजीवांनीं स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें: ‘बर्मिंगहॅम, इ. स. १८१३ नंतरचें.’ आणि तिच्या खालीं वडिलांच्या थरथरत्या हातानें, मोडी वळणांत, दोनच शब्द घातलेले होते: ‘श्री आमचा.’